न्यू नियामत बेकरी

बदलीच्या ऑर्डरीत चोपड्याचं नाव होतं,
माणसांचं एकही नव्हतं.
नवरा बँकेत. मी, दोन खिडक्या,
आणि पाचच्या सुमाराला
स्टँडकडून येणारा तो वास :
वेलदोडा, तूप, कडेला जराशी करपलेली साखर.
त्याच्यामागे गेले, पत्ता विचारावा लागला नाही.

पाटीवर न्यू नियामत बेकरी.
जुनी नियामत गावात कुणीच पाहिलेली नाही.
दस्तगीरचाचा म्हणतात, "अब्बांनी पेंटरला सांगितलं,
न्यू लिही, माल कायम ताजा वाटतो."
पाचला भट्टीचं दार सताड उघडतात तेही ठरवून :
शाळा सुटलेली असते, यावलची गाडी लागलेली असते.
"वारा आपला नोकर नाही,
पण बिनपगारी राबतो बिचारा."

दिवाळीआधी आठ दिवस
गल्ल्यागल्ल्यांतून डबे निघतात.
रवा आपला, मैदा आपला, तूप आपलं,
भट्टी तेवढी त्यांची, आणि हात.
डब्यावर खडूनं नंबर. माझा एक्केचाळीस.
अकराला गेले सकाळी,
नंबर लागला रात्री अकराला.

"तू कोनी वं माय?" सुपडाबाईंनी विचारलं.
मी माझं नाव सांगितलं.
सगळा ओटा हसला.
त्यांना हवं होतं : कुणाची.
सून, लेक, भाची, कुणाची तरी.
मी म्हटलं, स्टेट बँकेची.
पुन्हा हसला, पण या वेळी
सरकून मला जागा झाली.

आठला लाईट गेली. भट्टीला त्याचं काय!
तिच्या तांबड्या उजेडात
केळीचा भाव निघाला, उतरला,
उखर्डू टेलरच्या तिसरीचं स्थळ निघालं,
आणि बावीस नंबरच्या तुपात डालडा आहे
हे बावीस नंबर सोडून सगळ्यांना कळलं.
कुणीतरी शेव काढली, कुणी कळण्याची भाकरी,
ठेचा खाताना माझे डोळे भरले तेव्हा
पाण्याचे तीन तांबे एकदम पुढे आले.

मग मला दिसलं.
चाचा प्रत्येकाचं तूप परातीत घेतात,
भांडं उपडं करतात,
कडेला चिकटलेलं बोटानं निपटतात
आणि बोट पुसतात एका पितळी वाटीत.
वाटी भट्टीमागे.
चाळीस भांडी, चाळीस बोटं.
"चाचा तूप मारतात," मी हळूच सुपडाबाईंना म्हटलं.
"मारतस ना," त्या म्हणाल्या,
आणि शेव खात राहिल्या.

एकोणचाळीसचा नंबर भुराबाईंचा.
कापूस वेचून आलेल्या, बोटांना बोंडांचे ओरखडे.
पुडीत तूप एवढंसं.
"कमी पडनं," त्या स्वतःशीच बोलल्या.
चाचा काही बोलले नाहीत.
फक्त परात घेऊन भट्टीमागे गेले,
परत आले तेव्हा पीठ
चांदण्यासारखं मऊ मळलेलं होतं.
ओटाभर बायका त्या वेळी
नेमक्या रस्त्याकडे बघत होत्या.

घरी डबा उघडला तर नानकटाई माझी नव्हती.
खडू पुसला जाऊन एक्केचाळीसचे एकवीस झाले होते म्हणे.
दुसऱ्या दिवशी माझा डबा शोधत
सात घरं फिरले, सात चहा प्याले,
तो सापडला तेव्हा निम्मा रिकामा होता.
पोरांनी खाल्लेला. कुणाला वाईट वाटलं नाही,
मलाही नाही, हे जरा उशिरा लक्षात आलं.

आता पाकिटातली बिस्किटं आली आहेत,
चकचकीत, वजनावर, नंबराशिवाय.
चाचांचा मुलगा म्हणतो, ऑर्डर फोनवर घेऊ.
घेतोही. तरी ओटा भरतोच.
चौदा वर्षांत दोनदा बदली आली,
नवऱ्यानं दोन्ही वेळा रद्द करून घेतली,
कारण काय दिलं मी विचारलं नाही.

यंदा नंबर सत्तावीस.
चाचांच्या हाताला आता कंप आहे,
भांडं निपटताना बोट चुकतं.
म्हणून मी तूप ओतताना
भांडं पुरतं उपडं करत नाही.